सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या मशीनला रॅम किती द्यायची?

“आठ कोअर अन् बत्तीस जीबी देऊन टाकू का भो?”

जळगाव एमआयडीसी असो, भुसावळ असो की धुळं, जिथं दोन-चार सर्व्हर एका काचेच्या खोलीत ठेवलेत तिथं हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. विचारणारा बहुधा तिथला आयटीचा एकुलता एक माणूस असतो. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी त्यालाच हाक आणि ईआरपी (बिलं, साठा, हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसलं तरी त्यालाच. मालकानं किंवा ऑडिटवाल्यांनी सांगितलेलं असतं, सर्व्हरवर लक्ष ठेवणारं एखादं सॉफ्टवेअर टाका. त्यासाठी एक व्हर्च्युअल मशीन करायचं ठरतं आणि पहिल्याच पडद्यावर तीन आकडे मागितले जातात: कोअर (प्रोसेसरचे स्वतंत्रपणे काम करणारे भाग) किती, रॅम किती, डिस्क किती. मग मनाला येईल ते भरलं जातं.

हा अंदाज चुकायची तऱ्हाही ठरलेली आहे. कोअर गरजेच्या तिप्पट, रॅम दुप्पट आणि डिस्क निम्मी. पहिले दोन महिने सगळं छान चालतं. तिसऱ्या महिन्यात डिस्क भरते, डेटाबेस थांबतो, आणि सगळ्या सर्व्हरवर लक्ष ठेवायला बसवलेलं मशीन स्वतःच बंद पडलंय हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

(खान्देशात कसलं आलंय आयटी, असं पुण्याकडचे कोणी म्हणाले तर त्यांना सांगावं, विप्रोची सुरुवात १९४५ साली अमळनेरला वनस्पती तेलाच्या कारखान्यातून झाली. असो.)

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय ते थोडक्यात. एका दणकट सर्व्हरवर हायपरव्हायझर नावाचा थर बसवायचा. तो त्या सर्व्हरचे कोअर, रॅम आणि डिस्क वाटून अनेक वेगवेगळे संगणक उभे करतो. प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र आहोत. कल्पना जुनी आहे, आयबीएमनं मोठ्या संगणकांवर हे १९७२ साली विकायलाही काढलं होतं. लिनक्सच्या गाभ्यात ही सोय केव्हीएम या नावानं २००७ मध्ये आली, आणि प्रॉक्समॉक्ससारखी आजची फुकट मिळणारी हायपरव्हायझर तिच्यावरच उभी आहेत. २०२३ च्या अखेरीस ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घेतलं. मग एकदाच पैसे भरून कायमचा परवाना घ्यायची सोय बंद झाली, आणि लहान ठिकाणं भराभर प्रॉक्समॉक्सकडे वळली. म्हणून पुढची उदाहरणं प्रॉक्समॉक्सची घेतो. हिशोब मात्र कुठल्याही हायपरव्हायझरला लागू पडतो.

आधी सॉफ्टवेअर कुठल्या जातीचं ते बघा

सर्व्हर सांभाळणारी सॉफ्टवेअर ढोबळमानानं दोन प्रकारची. पहिला प्रकार तयार मशीनचा. डेलचं ओपनमॅनेज एंटरप्राइज, एचपीईचं वनव्ह्यू, व्हीएमवेअरचं व्हीसेंटर ही सगळी अशी आहेत. कंपनी आख्खं व्हर्च्युअल मशीनच फाइलमध्ये बांधून देते, तुम्ही ते हायपरव्हायझरवर चढवायचं. इथं स्वतःची अक्कल चालवायची नाही, कंपनीचा तक्ता पाळायचा. ओपनमॅनेज एंटरप्राइज १,००० यंत्रांपर्यंत ४ कोअर आणि १६ जीबी रॅम मागतं, ८,००० पर्यंत ८ कोअर आणि ३२ जीबी, आणि डिस्क ४०० जीबी. व्हीसेंटरच्या आठव्या आवृत्तीचा सगळ्यात छोटा आकार १० होस्ट (म्हणजे खरे सर्व्हर) आणि १०० व्हर्च्युअल मशीनपर्यंतचा, त्याला २ कोअर आणि १४ जीबी रॅम लागते.

तीन सर्व्हरसाठी १६ जीबी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण त्या मशीनच्या आत डेटाबेस, वेब सर्व्हर, निरोपांची रांग सांभाळणारी सेवा आणि आणखी डझनभर गोष्टी एकाच वेळी चालू असतात. तुम्ही तीन सर्व्हर जोडा नाहीतर तीनशे, एवढा पायाखर्च द्यावाच लागतो. त्यात कात्री लावली की काही सेवा अर्धवट सुरू होतात, अपडेट मध्येच लटकतं, आणि कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला की पहिला प्रश्न येतो, “रॅम तक्त्याप्रमाणे आहे का?” माझं मत विचाराल तर तीन-चार सर्व्हर असलेल्या ठिकाणी ही सॉफ्टवेअर टाकूच नयेत. सर्व्हर दुरून सांभाळायची चिप त्याच्यातच बसवलेली असते, डेलमध्ये तिला आयड्रॅक म्हणतात आणि एचपीईत आयलो. तिचं पान ब्राउझरमध्ये थेट उघडतं. फर्मवेअर (हार्डवेअरमधलं अंगभूत सॉफ्टवेअर) वर्षातून एक-दोनदा बदलायचं असतं. तेवढ्यासाठी १६ जीबी कायमची अडकवण्यात शहाणपण नाही.

दुसरा प्रकार मोकळ्या सॉफ्टवेअरचा. लिनक्सचं साधं मशीन करायचं आणि त्यावर आपल्या हातानं चढवायचं. झॅबिक्स हे त्यातलं बरंच वापरात असलेलं. लाटव्हियातल्या अलेक्सेई व्लादिशेव यांनी १९९८ मध्ये ते स्वतःच्या कामासाठी लिहायला घेतलं, २००१ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. परवान्याला पैसा लागत नाही. इथं आकार ठरवायचं काम तुमच्यावर येतं, आणि खरी गोम तिथंच आहे.

मोजायचे ते प्रश्न

हे सॉफ्टवेअर दिवसभर काय करतं ते आधी बघू. ठरल्या वेळी प्रत्येक यंत्राला प्रश्न विचारतं: सीपीयू किती टक्के चाललाय, डिस्क किती भरली, पंखा फिरतोय का, पोर्ट चालू आहे का. आलेलं उत्तर डेटाबेसात लिहितं. उत्तर मर्यादेबाहेर गेलं असेल तर निरोप धाडतं. तुम्ही ब्राउझर उघडलात की आलेख काढून दाखवतं. यातलं विचारणं अगदी स्वस्त असतं. खर्चिक असतं ते लिहून ठेवणं आणि जुनं पुसून टाकणं. त्यामुळे सर्व्हर किती आहेत हा आकडा फारसा कामाचा नाही. एकूण प्रश्न किती, ते दर किती वेळानं, आणि उत्तरं किती दिवस जपायची, एवढ्यावर सगळा हिशोब बसतो.

समजा एमआयडीसीतली एक दाल मिल आहे. तीन खरे सर्व्हर, त्यांवर १४ व्हर्च्युअल मशीन, निरनिराळ्या शेडमध्ये मिळून २४ पोर्टचे ९ स्विच (नेटवर्कच्या वायरी जोडायचे डबे), शिवाय फायरवॉल, यूपीएस आणि कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर. एका सर्व्हरला किंवा मशीनला सरासरी १२० प्रश्न धरू. १७ गुणिले १२०, म्हणजे २,०४०. आता स्विच. एका पोर्टमागे साधारण नऊ गोष्टी विचारल्या जातात: आत किती डेटा आला, बाहेर किती गेला, चुका किती, टाकून दिलेली पाकिटं किती, वेग, स्थिती वगैरे. २४ पोर्टांचे झाले २१६, आणि नऊ स्विचचे १,९४४. किरकोळ यंत्रांचे ३०० धरले की एकूण जवळजवळ ४,३००.

सर्व्हरवर लक्ष ठेवायला निघालो होतो आणि जवळपास निम्मे प्रश्न स्विचलाच विचारतोय! शेडमधल्या स्विचच्या २४ पोर्टांपैकी ११ मध्येच वायर असते, तरी रिकाम्या पोर्टांचीही मिनिटामिनिटाला विचारपूस होते. त्यावर सोपा उपाय आहे. वायर नसलेले पोर्ट स्विचवर जाऊन प्रशासकीय बंद करून टाकायचे. झॅबिक्सचे तयार साचे असे मुद्दाम बंद केलेले पोर्ट मोजणीत धरतच नाहीत. नऊ स्विचचे १,९४४ प्रश्न मग ८९१ वर येतात. कोणीही आपला लॅपटॉप आणून भिंतीतल्या मोकळ्या सॉकेटला जोडायचा, तेही बंद होतं. पुढच्या हिशोबात मी ४,३०० च धरतो, कारण पोर्ट बंद करायचं काम सगळे उद्यावर टाकतात.

डिस्कचा हिशोब, कागद-पेन्सिल घेऊन

प्रत्येक प्रश्न मिनिटाला एकदा विचारला तर दिवसाला एकेकाची १,४४० उत्तरं. ४,३०० प्रश्नांची तीस दिवसांची उत्तरं झाली १८ कोटी ५७ लाख ६० हजार. झॅबिक्सच्या कागदपत्रांत एका आकडी उत्तराला अंदाजे ९० बाइट धरायला सांगितलंय. गुणाकार करा: १६.७ जीबी. महिनाभराचा बारीकसारीक इतिहास एवढ्यात मावतो.

आता मालक म्हणतात, “दर दहा सेकंदाला बघा, आपल्याला सगळं लगेच कळलं पाहिजे.” उत्तरं सहापट झाली, डिस्कही सहापट, १०० जीबी. “आणि वर्षभराचं ठेवा.” मिनिटाचाच हिशोब धरला तरी २०३ जीबी, दहा सेकंदांचा धरला तर १,२०० जीबीच्या वर. मशीन तेच, सर्व्हर तेच. दोन वाक्यांत डिस्क सत्तरपटीनं फुगली.

वर्षभराचं दिसायला हवं ही मागणी चुकीची नाही, पण ते मिनिटामिनिटाचं कोणाला हवं असतं? गेल्या उन्हाळ्यात मंगळवारी दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी सीपीयू किती होता, हे आजवर कोणी विचारलेलं ऐकलं नाही. म्हणून झॅबिक्स दुसरी वहीही ठेवतं: दर तासाला प्रत्येक प्रश्नाची एकच ओळ, तिच्यात त्या तासातलं कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी. तिला ट्रेंड म्हणतात. ४,३०० प्रश्नांचे वर्षाचे ट्रेंड फक्त ३.४ जीबी होतात. इतिहास ३० दिवस आणि ट्रेंड दोन वर्षं ठेवले तर दोन्ही मिळून साडेतेवीस जीबी. डेटाबेसच्या सूच्या, रोजचा ताळमेळ आणि पुसूनही न सुटलेली जागा यांसाठी हे दुप्पट करायचं, वर वाढीला थोडं सोडायचं. डेटाबेसला १०० जीबीची वेगळी डिस्क पुरून उरते.

वेळाही सगळ्यांना सारख्या ठेवू नका. मशीनचा सिरियल नंबर दिवसातून एकदा विचारला तरी चालतो. डिस्क किती भरली हे पाच मिनिटांनी कळलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. पण सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेचं तापमान दर मिनिटाला विचारावं. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. सर्व्हर खोलीसाठी शिफारस आहे १८ ते २७ अंशांची. एसीचा कॉम्प्रेसर ट्रिप झाला तर बंद खोलीत तापमान चढायला फार वेळ लागत नाही. हा सेन्सर सर्व्हरमध्ये आधीपासून बसवलेला असतो, आयपीएमआय किंवा रेडफिश या हार्डवेअरशी दुरून बोलायच्या पद्धती वापरून त्याला विचारता येतं. एकही रुपया जास्त लागत नाही. तरीही तो लावलेला क्वचितच दिसतो, आणि सीपीयूचे वीस आलेख मात्र हौसेनं मांडलेले असतात.

लॉगचा, म्हणजे यंत्रं आपल्या घडामोडींच्या ज्या नोंदी आपोआप लिहितात त्यांचा, हिशोब वेगळा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. सेवा पुरवणारे, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपल्या संगणक यंत्रणेचे लॉग मागचे १८० दिवस जपायचे, तेही भारताच्या अधिकारक्षेत्रात, असं त्यात म्हटलंय. एखादं फायरवॉल सेकंदाला ५० ओळी ओकतंय आणि ओळ ३०० बाइटची आहे असं धरा. दिवसाचे १.३ जीबी, १८० दिवसांचे सुमारे २३३ जीबी. मजकूर चांगला दाबला जातो, त्यामुळे प्रत्यक्षात बरंच कमी होईल. पण हे ओझं देखरेखीच्या डेटाबेसात ओतू नका. लॉगना वेगळं मशीन द्या, किमानपक्षी वेगळी डिस्क तरी. दोन्ही एकत्र असले की एखाद्या रात्री फायरवॉलवर कोणी हल्ला करतं, लॉगचा पूर येतो, डिस्क भरते, आणि नेमक्या त्याच रात्री देखरेख आंधळी होते.

जागेइतकाच डिस्कचा वेगही महत्त्वाचा. या डेटाबेसात दिवसरात्र छोट्या छोट्या नोंदी पडत असतात. त्यातच जुन्या नोंदी पुसणारी प्रक्रिया अधूनमधून जागी होते, तेव्हा लाखो ओळी एकेक करून पुसल्या जातात आणि डिस्क धापा टाकते. त्याच डिस्कवर ईआरपी असेल तर दिवसातून ठरावीक वेळी बिलं काढणाऱ्यांची बोंब सुरू होते आणि कारण काही सापडत नाही. एसएसडी द्या हा सरळ उपाय. पोस्टग्रेस या डेटाबेसवर टाइमस्केल नावाची जोड बसवली तर इतिहास वेळेप्रमाणे तुकड्यांत ठेवला जातो. मग जुना तुकडा आख्खाच्या आख्खा टाकून देता येतो, ओळी पुसत बसावं लागत नाही. नव्यानं उभं करत असाल तर ही जोड पहिल्या दिवशीच बसवा. नंतर बसवायची तर भरलेला डेटाबेस उलटापालटा करावा लागतो.

कोअर कमी, रॅम बेताची

झॅबिक्सचे स्वतःचे ढोबळ आकडे असे: १,००० प्रश्नांना २ कोअर आणि ८ जीबी, १०,००० ना ४ कोअर आणि १६ जीबी, एक लाखाला १६ कोअर आणि ६४ जीबी. आपली मिल ४,३०० वर, म्हणजे पहिल्या दोन पायऱ्यांच्या मध्ये. मी २ कोअर आणि ८ जीबीपासून सुरुवात करायला सांगेन. डिस्क एसएसडी असेल तर एवढ्यात भागतं, आणि नाही भागलं तर वाढवणं दोन मिनिटांचं काम आहे.

मग आठ कोअर देऊन ठेवले तर बिघडलं काय? लग्नाच्या पंगतीत आठ जणांचं कुटुंब आलं आणि बसू तर सगळे एकाच ओळीत म्हणाले, तर मध्ये दोन, पलीकडे तीन अशी पानं मोकळी असूनही ते हात बांधून उभेच राहतात. दोघंच आले असते तर केव्हाच वरण-बट्टीवर ताव मारून उठले असते. जास्त कोअरवाल्या मशीनचं असंच होतं, त्याला खऱ्या सीपीयूवर जागा मिळायला थांबावं लागतं. आजची हायपरव्हायझर पूर्वीइतकी हट्टी नाहीत, दोघांना आधी बसवून घेतात. पण १६ कोअरच्या सर्व्हरवर मिळून ६० कोअर वाटून ठेवले असतील तर गर्दी व्हायचीच. ती मोजताही येते. लिनक्समध्ये टॉप ही आज्ञा चालवा आणि सीपीयूच्या ओळीत शेवटी येणारा एसटी हा आकडा बघा. आपल्याला सीपीयू हवा होता पण तो दुसऱ्याला गेला, अशा वेळेची ती टक्केवारी. ती सतत पाच-दहाच्या वर राहत असेल तर मशीनचे कोअर वाढवून उपयोग नाही, शेजाऱ्यांचे कमी करावे लागतील. व्हीएमवेअरमध्ये हीच गोष्ट सीपीयू रेडी या नावानं दिसते.

रॅमबद्दल दोन गैरसमज फार आढळतात. पहिला, फ्री या आज्ञेत मोकळी रॅम ३०० एमबी दिसली की लोक घाबरतात. लिनक्स उरलेली सगळी रॅम डिस्कवरच्या फाइली जवळ ठेवायला वापरतं आणि गरज पडली की लगेच सोडतं. बघायचा तो अव्हेलेबलचा रकाना. दुसरा, झॅबिक्स रॅम कमी पडल्याची तक्रार करतं तेव्हा बऱ्याचदा मशीनची रॅम पुरेशीच असते. झॅबिक्स स्वतःसाठी काही राखीव कप्पे ठेवतं आणि मुळात ते काही मेगाबाइटचेच असतात. यंत्रं वाढली की कप्पा भरतो आणि ७५ टक्क्यांच्या वर गेल्याचा इशारा येतो. अशा वेळी मशीनला १६ जीबी दिले तरी इशारा जात नाही, कारण कप्पा तेवढाच राहतो. झॅबिक्सच्या सेटिंगच्या फाइलमधला त्या कप्प्याचा आकडा वाढवून सेवा परत सुरू करायची. डेटाबेसचंही तसंच, पोस्टग्रेसला त्याच्या सामाईक कप्प्यासाठी एकूण रॅमच्या पाव भागापासून सुरुवात करायला सांगतात. आठ जीबीच्या मशीनवर दोन जीबी. बाकीची रॅम ऑपरेटिंग सिस्टीम कारणी लावते.

मशीन बनवताना

खऱ्या सर्व्हरच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू आहे ना ते बघून घ्या. नव्या सर्व्हरवर बहुधा असते. प्रॉक्समॉक्समध्ये डिस्क आणि नेटवर्क दोन्हींसाठी व्हर्टआयओ प्रकार निवडा, कारण इतर प्रकार जुन्या हार्डवेअरची नक्कल करतात आणि संथ चालतात. सीपीयूचा प्रकार होस्ट, म्हणजे खालच्या खऱ्या सर्व्हरचा आहे तसाच, ठेवा. मात्र तिन्ही सर्व्हर वेगवेगळ्या पिढ्यांचे असतील आणि मशीन चालू असतानाच एकावरून दुसऱ्यावर हलवायचं असेल तर होस्ट नको. बलूनिंग बंद करा. गर्दीच्या वेळी हायपरव्हायझर मशीनची रॅम काढून घेतं आणि डेटाबेसवाल्या मशीनला ते सोसत नाही. आत डेबियन किंवा उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती, पत्ता कायमचा ठरवून दिलेला, आणि क्यूईएमयूचा गेस्ट एजंट बसवलेला. हा एजंट असला की बॅकअपच्या क्षणी मशीनमधल्या फाइलींचं लिहिणं थोडं थांबवता येतं आणि अर्धवट लिहिलेली फाइल बॅकअपमध्ये जात नाही.

डिस्क दोन करा, ३२ जीबीची सिस्टीमसाठी आणि १०० जीबीची डेटाबेससाठी. मोठी देऊन ठेवू नका, कारण वाढवणं सोपं आणि कमी करणं महाकठीण. थिन प्रकारात दिलेली डिस्क लिहिली जाईल तशी जागा खाते, त्यामुळे सुरुवातीला सगळं मोकळं मोकळं दिसतं आणि माणूस एक टीबीच्या साठ्यावर दोन टीबी वाटून बसतो. थिन वापरायला हरकत नाही. पण मग खालचा साठा किती भरलाय, हा प्रश्न देखरेखीत सगळ्यांत आधी टाका.

घड्याळाकडे कोणी लक्ष देत नाही. आलेख आणि लॉग दोन्ही वेळेवर चालतात. एका मशीनचं घड्याळ चार मिनिटं पुढे असलं तर आधी काय बंद पडलं आणि नंतर काय, याचा छडाच लागत नाही. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा म्हणजे एनपीएल आणि एनआयसी यांचे वेळेचे सर्व्हर आहेत. घड्याळं त्यांच्याशी जुळवा असं सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत आहे.

नेटवर्कबद्दल एकच सांगतो, पण ते ठामपणे. आयड्रॅक, आयलो आणि तत्सम पोर्ट ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर आखलेल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) ठेवा आणि देखरेखीच्या मशीनला तिथं जाणारं दुसरं नेटवर्क कार्ड द्या. आयपीएमआयची दुसरी आवृत्ती मागणाऱ्या कोणालाही पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून बनवलेली सांकेतिक खूण) देऊन बसते, आणि तो नंतर निवांत फोडता येतो. ही खोट त्या पद्धतीतच आहे, अपडेटनं जात नाही. त्यामुळे ६२३ नंबरचं पोर्ट इंटरनेटवरून दिसता कामा नये. घरून बघायचं असेल तर व्हीपीएन.

ते मशीन ठेवायचं कुठं

ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याच पाठीवर बसवलं तर तो पडला की हेही पडणार. तीन सर्व्हर असतील तर ईआरपीच्या सर्व्हरवर हे ठेवू नका, सामाईक साठ्यावरही नको, दुसऱ्या सर्व्हरच्या स्वतःच्या एसएसडीवर ठेवा. एवढं करूनही त्या मशीनवर लक्ष ठेवायला बाहेरचं कोणीतरी लागतंच. कपाटात पडलेला जुना डेस्कटॉप चालेल. त्याचं काम एवढंच, दर पाच मिनिटांनी झॅबिक्सचं पान उघडतंय का बघायचं आणि नाही उघडलं तर निरोप द्यायचा. हा निरोप ब्रॉडबँडवरून जात असेल तर ब्रॉडबँड पडल्याचा निरोप कोण देणार? झॅबिक्सला साधा जीएसएम मोडेम जोडता येतो, त्यात सिमकार्ड घालून एसएमएस पाठवता येतो. जुनाट वाटतं, पण चालतं.

वीज गेल्यावरचा क्रमही आधीच लावून ठेवा. प्रॉक्समॉक्समध्ये मशीनला सुरू व्हायचा क्रमांक देता येतो. लहान क्रमांकाचं आधी सुरू होतं आणि बंद करताना सगळ्यांत शेवटी बंद होतं. देखरेखीच्या मशीनला एक नंबर द्या. यूपीएसची बॅटरी संपत आली की बाकीची मशीन एकेक करून नीट बंद झाली की नाही, हे बघायला ते शेवटपर्यंत जागं राहील.

मिलचं शीतगृह रावेरला असेल तर तिथल्या यंत्रांना जळगावहून थेट प्रश्न विचारू नका. तिथं झॅबिक्सची प्रॉक्सी बसवा. ती तिथल्या तिथं विचारते, उत्तरं जवळ ठेवते आणि जळगावला पाठवते. लाइन तुटली तर साठवून ठेवते, पण मुळात फक्त एक तासापर्यंतच. त्याहून जुनं टाकून देते. केळीच्या बागा आडव्या करणारं मे-जूनचं वादळ आलं की लाइन एका तासात येत नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये ऑफलाइन बफरचा आकडा तासांत असतो, तो १ चा ७२ करा. रावेरला ४०० प्रश्न असतील तर तीन दिवसांची उत्तरं होतात सतरा लाखांच्या आसपास, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे एमबी. प्रॉक्सीला १ कोअर, २ जीबी रॅम आणि २० जीबीची डिस्क पुरते.

बॅकअप घेताना स्नॅपशॉटवर, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती टिपून ठेवायच्या सोयीवर, विसंबू नका. तो मूळ डिस्कच्याच शेजारी राहतो, डिस्क गेली की तोही गेला. अपडेटच्या आधी काढावा, सगळं नीट चाललं की दुसऱ्या दिवशी पुसावा. महिनोन्महिने राहिलेला स्नॅपशॉट गुपचूप जागा खात राहतो. रोजचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर गेला पाहिजे. जागा कमी असेल तर इतिहासाच्या तक्त्यांना वगळा. मागच्या महिन्याचे आलेख गेले तर फार काही बिघडत नाही. यंत्रांची यादी, मर्यादा आणि निरोपांचे नियम परत भरायला मात्र आठवडा जातो, आणि त्यांचा बॅकअप तुलनेनं अगदी छोटा असतो.

महिनाभर चालू दिलं की चार ठिकाणी बघा. सेकंदाला किती उत्तरं येताहेत हे झॅबिक्सच्या पहिल्याच पानावर असतं. आपल्या मिलमध्ये ते ७२ च्या आसपास किंवा खाली असायला हवं. २०० दिसत असेल तर कोणीतरी वेळा कमी करून ठेवल्यात. प्रश्नांच्या रांगेत दहा मिनिटांहून जास्त थांबलेले किती आहेत ते बघा. शंभर-दोनशे एकाच यंत्राचे असतील तर ते यंत्रच उत्तर देत नाहीये. सगळीकडचे थोडे थोडे असतील तर विचारणाऱ्या प्रक्रिया कमी पडताहेत, त्यांची संख्या सेटिंगमध्ये वाढवा, मशीन नको. डेटाबेसची डिस्क महिन्यात किती भरली ते लिहून ठेवा. इतिहास ३० दिवसांचा असल्यामुळे दुसऱ्या महिन्यात ती जवळजवळ सपाट व्हायला हवी. नाही झाली तर जुनं पुसलं जात नाहीये. आणि सगळ्यांत शेवटी, सीपीयू डिस्कची वाट बघण्यात किती वेळ घालवतोय ते टॉपमध्येच डब्ल्यूए या आकड्यात दिसतं. तो वीसच्या वर राहत असेल तर रॅम ८ ची १२ करून बघा, तरी हलला नाही तर डिस्क बदला. या चारांतलं काहीच नसेल तर दोनाचे चार कोअर करायचं कारण उरत नाही.